शलोमीच्या गालावरची बोटं

निपाणी, रविवार, १९७९

आज शलोमीला मारलं. चर्चच्या दारात, सगळ्यांच्या देखत. आठ वर्षांची झाली तरी दहा मिनिटं एका जागी बसत नाही. पाळकसाहेब प्रार्थना करत होते, आमचे डोळे मिटलेले, तेवढ्यात ही बाकाखालून रांगत गेली आणि घंटेची दोरी ओढली. मी तिला दंडाला धरून बाहेर नेलं नि एक ठेवून दिली. गालावर चार बोटं उठली.

पाळकीणबाई म्हणाल्या, "लई लाडावलंय. प्रार्थना करत जावा पोरीसाठी." करत नाही का मी? चिकोडीचे डॉक्टर म्हणतात, आजार काही नाही, वाढली की शांत होईल. कधी?

घरी आल्यावर शलोमीनं विचारलं, "आई, येशू माझ्यावर रागावला व्हय गं?" ती बोटं अजून दिसत होती.

"न्हाय गं. राग मला आला. माझं चुकलं."

"मग माफी माग की. मी बसते संगं."

दोघी गुडघ्यावर बसलो. मी डोळे मिटले. तिची मात्र चुळबुळ चाललेली. शेवटी तिनंच "आमेन" म्हटलं आणि अंगणात पळाली. मी तिथंच बसून राहिले. माझी माफी मागायची राहिलीच होती.