जावयाची बॅग

९ जून

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं — बॅग उचलायची नाही, उन्हात चालायचं नाही, प्रवास तर नाहीच. वृषालीने मान डोलावली. बाहेर आल्यावर म्हणाली, "आता तुमचं कसं?" पोटात पाचवा महिना, आणि हिला काळजी माझ्या बॅगेची!

दोन सीझन तिनेच माझी गोल्फची बॅग वाहिली. दुसरा कॅडी मला सोसतच नाही. ती अंतर सांगते, वारा सांगते, आणि माझं डोकं फिरलं की काही न बोलता पाण्याची बाटली पुढे करते. नियमांचं पुस्तक तर तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ.

आता बक्षिसांच्या कमाईच्या यादीत मी एकोणिसावा. पहिल्या पंधरांना पुढल्या वर्षी मोठ्या टूरवर खेळायचं कार्ड, बाकीचे पुन्हा याच दुसऱ्या फळीत. तीन स्पर्धा उरल्यात. आणि वडिलांना, आण्णांना, शब्द दिलाय — यंदा कार्ड आलं नाही तर मंचरला त्यांच्या आडतीवर कांद्याच्या गोण्यांपाशी उभा राहीन, गोल्फचं नाव काढणार नाही. कळंबमध्ये आत्ताच लोक विचारतात, "भाऊ, त्ये बॉल मारायचं अजून चालूच हाय का?"

१२ जून

मढला सासुरवाडीत धोंड्याचं जेवण. लग्नानंतरचा पहिला अधिक महिना, म्हणजे जावयाची चंगळ. पाटावर बसवलं, पाय धुतले, तुपात बुडालेले पुरणाचे धोंडे. मला या सगळ्याची लाज वाटते. पण तीन खाल्ले.

जेवताना वृषालीने कॅडीचा विषय काढला. सासरे — सावळाराममामा — म्हणाले, "पिशवीच उचलायची ना? मी येतो की."

मामींच्या हातातली पळी तशीच राहिली. "जावयाचं वझं सासऱ्यानं वाहायचं? लोक तोंडात शेण घालतील."

"भाताची पोती वाहिली जन्मभर. ही काय, काड्यांची पिशवी."

मी नको नको म्हणालो. वृषाली काहीच बोलली नाही, म्हणजे तिला पटलं होतं. झालं! आता सासऱ्याला कसं म्हणू, की मामा, मी मारताना खोकू नका?

१८ जुलै, नागपूर

मामा खोकतात. मामा बोलतात. मामा समोर दिसेल त्या खेळाडूला "राम राम पावणं" करतात, तो बॉलवर वाकलेला असला तरी. काल एकाचा बॉल भोकाकडे जायचा त्याच रेषेतून चालत गेले. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच माफी मागितली. प्रत्येक ग्रीनवर, भोकाभोवतीच्या हिरवळीवर, सांगतात, "हिकडं उतार हाय," आणि निम्म्या वेळा तो तिकडे असतो.

अंकित पोट धरून हसतो. मंचरच्या कापडवाल्या पुनमचंदशेठचा हा मुलगा, याच टूरवर. आम्ही एकाच गाडीने येतो-जातो, एकाच खोलीत राहतो. मार्चमध्ये माझ्या ड्रायव्हरला, लांब मारायच्या काठीला, तडा गेला तेव्हा स्वतःचा जुना काढून दिला. आज म्हणाला, "तुझे सासरे भाड्याने देतोस का? माझं डोकं पण जरा हलकं होईल."

गंमत म्हणजे खरंच झालं माझं डोकं हलकं. मामांवर ओरडता येत नाही, म्हणून मी कुणावरच ओरडलो नाही. स्वतःवरही नाही. चौथा आलो. यादीत सोळावा.

३ ऑगस्ट

कळंब. संध्याकाळी मळ्यात बॉल मारले. दोन उसात गेले, ते तिथेच राहू दिले. परवाच बिबट्याने शेजारची शेळी नेलीय.

९ ऑगस्ट, बंगळूर

वाईट. दोन दिवसांनंतर वरच्या निम्म्यांनाच पुढे खेळू देतात, मी एका फटक्याने बाहेर. अंकित सहावा. आता तो यादीत चौदावा, मी सतरावा.

परतताना गाडीत तोच ओशाळला होता, जणू चूक त्याची. शेवटी म्हणाला, "आदेश, अहमदाबादला दोघंही आत येऊ." मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला त्याचा राग आला होता. कशाचा राग? चांगला खेळला याचा. माझं मन असं आहे, काय करू.

२५ ऑगस्ट, अहमदाबाद

शेवटची स्पर्धा. मामा थेट बेणणीतून आले. पंधरा दिवस भाताच्या खाचरात वाकून तण काढलंय, बोटांची नखं अजून हिरवी. गाडीत बसल्या बसल्या झोपले.

वृषालीचा फोन — "बाबांना टोपी घालायला लावा. आणि तुम्ही पहिल्या दिवशी जोर करू नका."

२६ ऑगस्ट

जोर केला नाही. बरा खेळलो.

२७ ऑगस्ट

पुढे सरकतोय. अंकितची पाठ आखडलीय, वाकडं खेळतोय. रात्री त्याने जेवण घेतलं नाही. यादीची गणितं करायची नाहीत असं ठरवलं होतं, तरी दोघांनीही केली. कार्डाची शेवटची जागा एक, आणि ती बहुतेक आमच्या दोघांतल्याच एकाला मिळणार.

२८ ऑगस्ट

दिसलं. आजच लिहून ठेवतो, कारण उद्या मीच म्हणेन की दिसलं नाही.

सोळावा होल. माझा बॉल डावीकडे उंच गवताच्या कडेला जाऊन बसला, आणि त्याच्या बरोब्बर मागे जाड गवताचा एक झुबका. क्लब आधी त्या झुबक्यात अडकणार, मग बॉलपर्यंत पोचणार. झेंडा नीट दिसेना म्हणून मी थोडा पुढे गेलो. माझ्याबरोबरचा खेळाडू पार उजव्या झाडांत स्वतःचा बॉल शोधत होता. मागे वळलो. मामा बॉलपाशी वाकले होते. दोन बोटं मुळाशी, एक पीळ, आणि झुबका पाठीमागे भिरकावला. तोंडाने काहीतरी गुणगुणत. त्यांना स्वतःलाही कळलं नसेल. खाचरात दिवसाला हजार वेळा करतात तेच.

वाळकी काडी, पान उचललं तर चालतं. रुजलेलं गवत उपटायचं नाही, खेळाडूने नाही आणि त्याच्या कॅडीनेही नाही. दोन फटके दंड. आणि हा दंड कुणी येऊन लावत नाही, आपणच सांगायचा असतो.

मी सांगितला नाही. बॉलपाशी गेलो. मागे जागा स्वच्छ, ओली माती दिसत होती. मारला. ग्रीनवर गेला. मामा म्हणाले, "लई झ्याक, पावणं!"

पुढचे दोन होल कसे खेळलो ते आठवत नाही. सोळाव्यावरचा दंड न मांडता स्कोअरकार्डावर सही केली. कमाईच्या यादीत अंकित माझ्यामागे थोडक्यात राहिला. मी पंधरावा. तो सोळावा. दोन फटके घेतले असते तर मी कुठल्या कुठे असतो.

मामांनी मला सगळ्यांदेखत मिठी मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. अंकितने हात हातात घेतला आणि सोडेचना. म्हणाला, "निदान आपल्याकडचा एक तरी गेला."

२९ ऑगस्ट

गाडीत मामा आणि अंकित दोघेही झोपलेले. मी चालवत होतो. एका झुबक्याने काय होतं? कदाचित तसाही बॉल ग्रीनवर गेला असता. आणि दंड सांगायचा म्हणजे मामांचं नाव घ्यायचं. लोक म्हणतील सासऱ्याने घात केला. मामींना तर हेच हवंय.

मामांसाठीच गप्प बसलो.

खोटं. कार्डासाठी बसलो.

३१ ऑगस्ट

कळंबच्या फाट्यावर फ्लेक्स लागला! "आंबेगावचा ढाण्या वाघ." माझ्या हातात जी काठी दाखवलीय ती हॉकीची आहे. आण्णा तीनदा हायवेला जाऊन बघून आले. आडतीवर सगळ्यांना चहा पाजला. या माणसाने मला कधी बॉल मारताना पाहिलेलं नाही.

अंकितचा फोन. पुनमचंदशेठ त्याला दुकानात बसवताहेत. "वर्षभर कापड फाडतो, मग बघू," म्हणाला. हसत होता. मीही हसलो. फोन ठेवला आणि ताट सरकवून उठलो.

२ सप्टेंबर

सगळ्यांनी मिळून ओझरला नेलं, मामींनी गणपतीला बोलून ठेवलं होतं म्हणे. हात जोडले. काय म्हणावं तेच सुचेना. मागे रांग होती, पुजारी म्हणाला, "चला, पुढं चला." बरं झालं.

४ सप्टेंबर, मढ

देवळापुढे माझा सत्कार. फेटा, शाल, नारळ. सरपंचांचं भाषण गोल्फवरून घसरून पाण्याच्या टाकीवर गेलं. वृषाली बाळंतपणासाठी इथेच आहे. पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती, पाय सुजलेले, पण चेहरा उजळलेला. अंकितला मंचरहून येता आलं नाही, दुकान होतं. देवाची कृपा.

मग कुणीतरी मामांच्या हातात माईक दिला.

"मी काय बोलणार," म्हणाले, आणि सुटले. हायवे किती रुंद, हॉटेलात गादी किती मऊ. आणि मग — "आता येक सांगतो. शेवटच्या दिशी पावण्यांचा चेंडू गवतात बसला. त्याच्या मागं ह्येवढं तण! म्या म्हनलं, आपून काय हात बांधून उभं ऱ्हायाचं? घातला हात, दिलं उपटून. अन् पावण्यांनी असा हानला, का सरळ झेंड्यापाशी! म्हंजी त्या कार्डात थोडं आमचं बी हाय का न्हाई?"

टाळ्या. शिट्ट्या. मामी पदर तोंडाला लावून हसत होत्या.

मी वृषालीकडे बघायचं टाळलं. मग बघितलं. तिचा चेहरा विझला होता. एकटी तीच टाळ्या वाजवत नव्हती.

घरी आल्यावर तिने दार लोटलं. "तुम्हाला दिसलं होतं?"

फेटा अजून डोक्यावर होता. "हो," म्हणालो.

ती कॉटवर बसली. मग अगदी कॅडीच्या आवाजात, अंतर सांगावं तसं म्हणाली, "स्पर्धा संपून निकाल लागलाय. खेळाडूला ठाऊकच नसेल तर आता दंड लागत नाही, निकाल तसाच राहतो. ठाऊक असून लपवलं असेल तर तो बाद." पुढे विचारलं, "अंकितभाऊंना कळलं?"

"नाही."

"त्यांनी ड्रायव्हर दिला होता तुम्हाला," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. मला स्वतःची शिसारी आली.

५ सप्टेंबर

मामा घरात नाहीत. पहाटेच्या गाडीने पुण्याला गेले, मामी म्हणाल्या, कामाचं सांगितलं नाही. वृषालीला विचारलं. ती म्हणाली, "बाबांनी पहाटे विचारलं, पोरी, रात्री का रडलीस. मी सगळं सांगितलं."

सगळं? सगळं.

अंधार पडता पडता परत आले. पाय धुतले, चहा घेतला, मला अंगणात बोलावलं. पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत न बघता बोलत होते.

"हापिसात गेलो व्हतो, टूरच्या. सायबाला सांगून टाकलं. मी अडाणी मानूस, मला कायदा ठावं न्हाई, गवात म्या उपटलं. पावणं लांब उभं व्हतं, पाठ करून. त्यास्नी कायबी दिसलं न्हाई." मग हळूच, "पोरगी म्हनली, तुमाला ठावं नसंल तर कार्ड ऱ्हातं. म्हून तसं बोललो. तुमी आता त्येच म्हना. मिटलं."

सत्तरीकडे झुकलेला माणूस. आयुष्यात कुणाला बैलाची जोडीसुद्धा खोटं बोलून विकली नसेल. माझ्यासाठी एसटीने पुण्याला जाऊन खोटं बोलून आला, आणि वर तोंड माझ्यापासून लपवतोय.

६ सप्टेंबर

कार्ड राहतंय. टूरवाल्यांनी विचारलं की फक्त "नाही" म्हणायचं. दिवसभर म्हणून बघितलं, गोठ्यात, ओढ्यावर, आरशापुढे. छान जमतं.

७ सप्टेंबर

सकाळी टूरच्या ऑफिसातून फोन आला. मामा ओट्यावर विळ्याला धार लावत होते, वृषाली दारात उभी. साहेब म्हणाले, तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं लिहून घेतलंय, तुम्हाला एकच विचारायचंय — त्यांनी गवत उपटलं ते तुम्ही पाहिलं होतं का? मामा माझ्याकडे बघून जोरजोरात नकाराची मान हलवत होते.

"पाहिलं होतं," मी म्हणालो.

फोन ठेवला आणि अंकितचा नंबर लावला.