शाळेच्या भिंतीजवळची चार हात माती

आदरणीय जमनाबाई,

काल ग्रामसभेच्या ठरावात तुमचे नाव लिहिले गेले. ही बातमी मीच तुम्हांला कळवायला हवी, म्हणून तुम्ही हे जग सोडून गेल्यानंतर दोन वर्षांनी हे पत्र.

बोरी अरबजवळच्या तांड्यावरील आपल्या शाळेत मी मुख्याध्यापक होतो आणि झाडलोट तुमच्याकडे होती. सारे अंगण तुम्ही लख्ख झाडत होतात. भिंतीलगतची चार हात माती तेवढी सोडत होतात. तपासणीच्या दिवशी सकाळी मी संतापलो आणि तिथले दगड, खापरे स्वतःच्या हातांनी उचलून कुंपणापाशी फेकली.

थोड्याच वेळात निळसर पट्ट्यांच्या मधमाश्या परागांनी पिवळे झालेले पाय घेऊन तिथे घिरट्या घालू लागल्या. त्या मातीतली त्यांची बिळे उघडीच होती, तरी एकीलाही आपले सापडेना!

"तुमी खुणा उचलल्या, गुरुजी. आता घर कसं ओयखतीन त्या?"

एवढे बोलून तुम्ही एकेक दगड, एकेक खापर जागच्या जागी ठेवलेत. माश्या सरळ आपापल्या बिळांत शिरल्या. हे सारे ध्यानात कसे राहिले, असे मी विचारले. तुम्ही म्हणालात, "रोज बाजूनं झाडतो न मी."

पुढे तुम्हीच मला शिकवलेत. या माश्यांना राणी नाही, पोळे नाही. प्रत्येक मादी आपले बीळ एकटी खणते. एक ढासळलेले बीळ काडीने उकलून तुम्ही आतली कोठडी दाखवलीत: पराग आणि मकरंद यांची शिदोरी, तिच्यावर एकच अंडे, तोंड मातीने लिंपलेले. पिल्लू बाहेर येईल, तेव्हा आई उरलेली नसते. वांग्याच्या फुलाला बिलगून माशी अंग थरथरवते आणि पराग झडतो, हेही तुमच्याच परसात पाहिले. तोवर मी काय पाहत होतो?

एक कबुली राहिली आहे. तपासणीला आलेल्या साहेबांनी माश्यांसाठी राखलेल्या त्या जागेचे कौतुक केले, तेव्हा "आमच्या शाळेचा उपक्रम" असे मी सांगितले. तुम्ही दाराशीच उभ्या होतात. तेव्हा मला टोकले का नाहीत, बाई? टोकायला हवे होते.

यंदा साऱ्या अंगणात फरसबंदीचे सिमेंटचे गट्टू बसवायचे ठरले. काल मी विरोधासाठी उभा राहिलो. सरपंच हसले. "आता माश्याइसाठी ठराव घ्याचा काय, गुरुजी?"

मी म्हणालो, "जमनाबाईंनी राखलेल्या मातीसाठी घ्यावा."

मग दगडांची हकीकत सांगितली; माझा खोटेपणाही सांगितला. हसणे थांबले. सरपंचांनी ठराव मलाच लिहायला सांगितला: 'जमनाबाईंची जागा' मोकळी राहील. एकही शब्द खोडावा लागला नाही, याचा मला अभिमान आहे. तुमचा त्याहून कितीतरी अधिक आहे.

सोमवारी गवंडी येतील. काम संपेपर्यंत मी तिथे खुर्ची टाकून बसेन. त्या मातीवर एकही गट्टू पडणार नाही, हे माझे वचन.

तुमच्या हाताखाली शिकलेला,
गुरुजी