दिवे सत्तेचाळीस

३ फेब्रुवारी

नाही! नाही, नाही, नाही.

भूमिकांची यादी लागली. थिएटरच्या दारावर, बर्फाचे बूट काढायच्या आधीच मी नाक लावून उभी. नावाडीण मार्था – विनी. शेजारी, मुलगा, पाद्री – सगळे कुणी ना कुणी. माझं नाव पार तळाला. ‘स्टेज मॅनेजर : थिया लिंडक्विस्ट.’

म्हणजे मी रंगमंचावर नाहीच! मागे वरच्या काचेच्या खोलीत बसून दिवे-आवाजांना हुकूम सोडायचे. झालं कल्याण.

एप्रिलमध्ये मुख्य विषय जाहीर करायचाय. बाबांशी नाताळातच ठरलंय – भांडी घासता घासता हात मिळवला, दोघांचेही हात फेसाने बरबटलेले. तोवर एक तरी खरी भूमिका मिळाली, तर नाट्य. नाही मिळाली, तर रसायनशास्त्र, आणि पुढे त्यांचं औषधांचं दुकान. ‘एकच भूमिका, थिया. फार नाही मागत.’ या सत्रात नाटक एकच. मेले मी.

४ फेब्रुवारी

लोर्नाबाईंकडे गेले. (दिग्दर्शिका त्याच, शिकवतात त्याच, पडदे शिवतात त्याच.) म्हटलं, ‘बाई, मी कुठे कमी पडले?’

‘कमी नाही गं, जास्तच झालीस! चाचणीत तू आपलं वाक्य म्हणायचीस आणि मग समोरच्याचंही ओठांतल्या ओठांत. तो बिचारा गोंधळून गेला.’

मी असं करते? मला पत्ताच नाही!

९ फेब्रुवारी

आजचा दिवस : सकाळी प्रयोगशाळेत आम्ल सांडलं. दुपारी तत्त्वज्ञानात ‘सद्गुण शिकवता येतो का’ यावर वाद घातला आणि हरले. संध्याकाळी करवत घेऊन नाटकातल्या होडीच्या धक्क्याची लाकडं कापली. या कॉलेजात सगळ्यांनी सगळं थोडं थोडं शिकायचं. म्हणून तर दिव्यांच्या यंत्रावर कोण बसलाय? डेझ! भूगर्भशास्त्राचा. कलेचा एक तरी तास सक्तीचा, म्हणून आलाय. नाटक आयुष्यात एकदा पाहिलंय, तेही झोपेत.

‘मला फक्त बटण सांग,’ म्हणाला. ‘भावना-बिवना तुमच्या तुम्ही बघा.’

१७ फेब्रुवारी

हेडसेट मिळाला! कानावर चढवला आणि उगाचच पाठ ताठ झाली.

नियम असा : आधी ‘तयार’, मग दिव्यांच्या त्या बदलाचा आकडा, मग ‘गो’. मी ‘गो’ म्हणेपर्यंत कुणी बोटही हलवायचं नाही. डेझ तर शब्दाचा पक्का. मी म्हटलं, ‘दिवे बारा… हां, दे की!’ ढिम्म. ‘अरे दाब ना!’ ढिम्म. ‘डेझ, मार्था अंधारात बोलतेय!’

‘तू गो म्हटलं नाहीस.’

‘गो, बाबा, गो!’

उजेड पडला. ‘मी खडकांचा माणूस,’ म्हणतो, ‘ढकलल्याशिवाय हलत नाही.’ हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. लोर्नाबाई खालून ओरडल्या, ‘वर काय जत्रा भरलीय का?’

२३ फेब्रुवारी

प्रयोगशाळेत जोडीदाराला म्हटलं, ‘आम्ल, तयार… गो!’ त्याने ओतलंसुद्धा.

२ मार्च

आज संपूर्ण नाटक सलग. बाहेर गारठा, आत सगळे मोज्यांवर. शेवटी मार्था विकलेल्या होडीकडे बघत म्हणते, ‘जा. मी इथंच आहे.’ मग शांतता – लांब, जीव टांगणीला लागेल इतकी – आणि दिवे सत्तेचाळीस. पूर्ण अंधार. तो क्षण पकडायचा मी. एक श्वास लवकर झाला तर फुकट, एक श्वास उशीर झाला तर लोक खोकतात. आज पकडला! बाईंनी अंगठा वर केला. मी दिवसभर हवेत.

अर्थात याला काही भूमिका म्हणत नाहीत. विनी छान करते. इतकी छान करते की राग येतो.

५ मार्च

अगं बाई अगं बाई अगं बाई!!

विनीचा घसा बसला. सणकून ताप. डॉक्टर म्हणाले, अंथरुणातून हलायचं नाही. उद्या पहिला प्रयोग! सगळे धक्क्यावर बसलेले, तोंडं पाडून. लोर्नाबाईंनी विचारलं, ‘मार्थाची वाक्यं कुणाला पाठ आहेत?’ सगळ्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

मला! सगळ्यांची! पाद्र्याचीसुद्धा!

हुकूम सोडायला बाई स्वतः वर बसणार. विनीसाठी सूप घेऊन गेले. बोलता येत नाही, तर तिने उशी फेकून मारली आणि मग मिठी मारली. वाईट वाटतंय तिच्यासाठी. पण खोटं कशाला लिहू? जिन्यावरून उतरताना मी नाचले.

बाबांना फोन केला. ‘दुकान लवकर बंद करून येतो,’ म्हणाले. शेजारच्या काकूंना सांगत होते, फोन न ठेवताच – ‘आमची थिया मुख्य भूमिकेत आहे!’

६ मार्च

समोर चीजचं सँडविच. घास उतरत नाही. हसू थांबत नाही.

७ मार्च, सकाळी

लिहूनच टाकते. नाहीतर फुटेन.

पहिला अंक बरा गेला. वाक्यं सगळी आली, पाय धक्क्याच्या कडेवर नीट पडले. पण डोक्यात काय चाललं होतं? मार्था नवऱ्यासाठी रडतेय, आणि आत मी – कंदील उशिरा लागला! घंटा लवकर वाजली! बाई, पान उलटा, पान! मुलगा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देतोय आणि मी त्याच्या केसांवरून हात फिरवत पुढच्या दिव्याची वाट बघतेय.

मग शेवट. ‘जा. मी इथंच आहे.’ शांतता. सभागृहात कुणी नाक ओढलं, म्हणजे रडत होते हो लोक, मला बघून! क्षण आला. अंधार नाही. क्षण गेला. अंधार नाही! (बाईंचा चष्मा पडला होता, नंतर कळलं.) मी उभी, होडीकडे बघत. आणि माझ्या तोंडून, मार्थाच्या त्याच कातर आवाजात, स्वच्छ, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं –

‘दिवे सत्तेचाळीस… गो.’

आणि डेझने दाबलं! वरच्या खोलीत रंगमंचाचा आवाज ऐकू यायला एक स्पीकर आहे. ‘तुझा आवाज आला, तू गो म्हणालीस,’ तो म्हणतो, ‘माझं काय चुकलं?’

काही नाही रे. मिट्ट काळोख. मग अख्खं सभागृह हसून कोसळलं. पाद्री विंगेत जमिनीवर लोळत होता. मी अंधारात हात जोडून उभी, देवा, आता दिवे लावूच नकोस.

बाहेर लिंबूसरबताच्या टेबलापाशी बाबा. हातात सुपरमार्केटचा गुच्छ.

‘छान केलंस.’

‘बाबा, लोक हसले.’

‘हसले खरे.’ मग स्वतःच हसू आवरेना त्यांना. डोळे पुसत म्हणाले, ‘पण ठरलं ते ठरलं. भूमिका झाली. नाट्य घे. उद्या परत बघणार, पहिल्या रांगेत बसून. गावात खोली घेतलीय.’

म्हणजे जिंकले! बाबांच्या गळ्यात पडले, बिचाऱ्या फुलांचा चुरा झाला. सकाळी उठल्या उठल्या पुन्हा ओरडले – जिंकले!

आणि तरी सारखं आठवतंय काय? टाळ्या नाहीत. रडणारे लोकही नाहीत. मी म्हटलं आणि अंधार झाला, तेच. पूर्ण संध्याकाळभरात तेवढी एकच गोष्ट मी मनापासून केली.

७ मार्च, मध्यंतर

घाईत. विनीचा ताप तसाच, भूमिका आजही माझीच होती. लोर्नाबाईंना म्हटलं, ‘मार्था तुम्ही करा, हातात संहिता घेऊन. मला वर जाऊ द्या.’ बाईंनी हेडसेट माझ्या डोक्यावर चढवला.

पहिला अंक लोण्यासारखा गेला. इतक्या सुखात मी कधीच नव्हते. भूमिका मिळाली तर काय, हे बाबांशी ठरलं होतं. मलाच ती नको असेल तर काय, हे ठरलेलं नाही.

काचेतून बाबा दिसताहेत. पहिल्या रांगेत, मांडीवर नवा गुच्छ. कुणी रंगमंचावर आलं की मान उंच करून बघतात, मीच असेन म्हणून.