दंतवैद्याचं रेझिन

६ एप्रिल, शनिवार

जावईबापू ब्रनोहून हजर. लेक राडका नाही — तिला म्हणे काम आहे. क्रिश्तोफच्या एका हातात दुकानातले कोलाचे, खसखस भरलेले गोड पाव, दुसऱ्या हातात इपॉक्सी रेझिनचा डबा. होड्या बांधणाऱ्यांकडून आणलेलं, मधासारखं घट्ट! त्यात मिसळायचं हार्डनर सगळ्यात जलद. का, तर ह्या दंतवैद्याच्या दवाखान्यात दातांतलं भरण क्षणात कडक होतं. म्हटलं, ही दाढ नाही, रिमोटवर उडणाऱ्या छोट्या ग्लायडरचा पंख आहे.

ऐकेल तर शपथ. फोमच्या गाभ्यावरचं काचकापड अर्धं भिजतंय तोवर पेल्यातलं रेझिन तापून धुमसायला लागलं. पंख पिशवीत घालून पंपानं हवा ओढायची वेळच आली नाही. आणि मे महिन्यात पालावा टेकड्यांच्या उतारावर स्पर्धा आहे. शिकलेला माणूस!

१३ एप्रिल

पुन्हा आला. एकटाच. हार्डनर मंद, पण रेझिन तेच. कापडात मुरेना. पंप दिवसभर धापा टाकत होता. पंख निघाला विटेसारखा जड. त्याला तो 'मजबूत' वाटला. दार करायचंय का?

१४ एप्रिल

वीट अजून टेबलावर. बघवत नाही.

२० एप्रिल

आज माझं रेझिन — पातळ, तासभर घट्ट न होणारं. जादाचं कागदानं टिपून काढ म्हटलं. टिपतो कसला, कुरवाळतो! वर मलाच अक्कल शिकवली: "बाबा, गॅरेज गार आहे. इतकं मंद हार्डनर इथं कडक व्हायचं नाही." हा जन्मायच्या आधीपासून मी पंख करतोय.

२१ एप्रिल

पिशवीच्या कडेला आलेलं रेझिन अजून चिकट. त्याला फोन करावा लागला, तेच जास्त झोंबलं. लगेच गाडी काढून आला. सोबत विजेचं ब्लँकेट, डबल बेडचं. राडका काय पांघरेल, विचारलं. लागत नाही म्हणाला. पिशवीसकट पंख त्यात गुंडाळला. मूर्खपणा.

२२ एप्रिल

पंख टणटणीत. हलकाही. त्याला कळवलं, आभार मानले नाहीत. डोक्यावर बसेल.

२७ एप्रिल

दुसऱ्या पंखाचा फोम कापला. त्यानं कड वाकडी कापली. असल्या हातांनी लोकांचे दात काढतो!

४ मे

सकाळी राडकाचा फोन. मी नेहमीसारखी क्रिश्तोफची टिंगल सुरू केली. तिनं मला थांबवलं. मग म्हणाली, "बाबा, आम्ही डिसेंबरातच वेगळे झालो. मलाच तुम्हाला सांगवलं नाही. तो अजून येतो तिकडे?"

तेवढ्यात बाहेर त्याची गाडी थांबली. मी फोन ठेवून त्याला गॅरेजचं दार उघडलं. दुसऱ्या पंखाला कुठलं रेझिन घ्यायचं ते तू ठरव, एवढंच म्हटलं.