व्हिएन्नात मनूने कुठे पळावं

३ मे, रविवार
मनू व्हिएन्नाला पोचली. ऑफिसचं काम, तीन आठवडे. विमानतळावरून फोन: "बाबा, थंडी आहे, मस्त आहे." मी लगेच विचारलं, पळायचं कुठे? "अरे, आधी बॅग तरी येऊ दे!" सौ. मागून ओरडत होती, जेवलीस का विचारा. दोघांनाही उत्तर मिळायच्या आत फोन कट.
सकाळी सवयीने पाचला जाग आली होती. उगाच स्कूटर पुसून ठेवली.

४ मे
दुसऱ्या मजल्यावरचे तांबे जिन्यात भेटले. "काय हो, आता तरी झोपा की. बंदोबस्ताची ड्यूटी संपली ना?" हसलो. मनात म्हटलं, तुमची लेक पळते का? आमची पळते.
दिवा स्टेशनजवळ राहत होतो तेव्हाची गोष्ट. म. बारावीत होती. पहाटे पळताना बाइकवरच्या दोघांनी तिला अडवलं. नातेवाइकांचं, शेजाऱ्यांचं एकच, पोरीचं पळणं बंद करा. मी म्हटलं, बंद काय म्हणून? दुसऱ्या दिवसापासून मी स्कूटरवर तिच्या मागे, हेडलाइट चालू. पुढे कोपरला घर घेतलं, ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर जायला लागलो. म. पुढे, मी मागे, ते आजतागायत. घरात तिची मेडलं टांगायला खिळे कमी पडतात. प्रत्येकात माझं पेट्रोल आहे. हे तिला बोलून दाखवत नाही, तांब्यांना दाखवतो.

५ मे
दुपारभर मोबाइलवर व्हिएन्नाचा नकाशा. डोळे चुरचुरतायत. माझ्या अटी: रस्ता सरळ हवा (लांबून दिसलं पाहिजे), गाड्या नकोत, कुत्री नकोत. तिच्या खोलीजवळच एक जागा सापडली. एकदम फर्स्ट क्लास. भोवती भिंत, आत सरळ रस्ते, दुतर्फा झाडं. एवढी मोठी बाग आपल्या अख्ख्या डोंबिवलीत नाही. तिला लगेच पाठवली. आपल्याला अजून जमतं.
तिने लोकेशन चालू करून दिलंय. ती पळेल तसा नकाशावर निळा ठिपका सरकणार. म्हणजे मी इथे बसून मागेच.

६ मे
तिचा फोन. हसून हसून बोलता येईना. "बाबा, तू मला कबरस्तानात पाठवलंस!"
बाग नव्हेच ती. भिंतीच्या आत हजारो थडगी. नाव लिहिलेलं होतं म्हणे, जर्मनमध्ये. मी झाडं बघत बसलो. म. म्हणते, "अरे, इथे लोक पळतात, पळायच्या वाटेचा बोर्ड पण आहे. हरीण दिसलं मला!"
सौ. भडकली. सकाळी सकाळी पोरीला मसणात पाठवलंत! मग माझ्या हातातून फोन घेऊन, "आधी डोक्यावरून अंघोळ कर." म. : "आई, मी रोजच करते गं पळून आल्यावर."

८ मे
आता नीट शोधलं, नावासकट. प्राटर म्हणून मोठी बाग आहे, तिच्या मधून एक लांबलचक सरळसोट रस्ता, दोन्हीकडे चेस्टनटची झाडं, गाड्यांना बंदी. तिला ट्रामने जावं लागतं, पण गेली. इथे साडेनऊ वाजता (तिथे सकाळचे सहा) ठिपका सुरू. चहा गार झाला. ठिपका दोरीने आखल्यासारखा सरळ गेला आणि सरळ परत आला. मेसेज आला: "शेकड्याने लोक पळतात. आज्या पण! कोणी वळून बघत नाही."
म. सुखरूप. तांब्यांना ठिपका दाखवला.

१३ मे
पाच दिवस प्राटर. आज म्हणाली, "रस्ता छान आहे, पण मला नदीवर जायचंय. डॅन्यूबच्या मध्ये एक लांब बेट आहे, तिथे जाते." नकाशात पाहिलं. चिंचोळी पट्टी, दोन्ही अंगांनी पाणी. हाक मारली तर ऐकणार कोण? नाही म्हणून सांगितलं. ती "बरं" म्हणाली. तिचं बरं मला माहीत आहे.

१५ मे
आत्ता कुठे लिहायला बसलो.
सकाळी ठिपका बेटाकडे गेला. म्हणजे गेलीच. मग ठिपका बेटावरून सरकून थेट नदीत. पाण्याच्या मधोमध. आणि थांबला. फोन लावला, उचलेना. पुन्हा पुन्हा लावला. सौ. देवासमोर. शेवटी तिच्याबरोबर तिथे गेलेल्या साहेबांचा नंबर होता, त्यांना लावला. ते बिचारे झोपेत. टॅक्सी करून नदीवर गेले.
म. पुलावर उभी राहून सूर्य बघत होती. फोन सायलेंटवर, कमरेच्या पिशवीत.

१६ मे
"बाबा, मी सत्तावीस वर्षांची आहे. सगळ्या टीमसमोर काय तोंड दाखवू? आजपासून लोकेशन बंद."
मी पण चढलो. म्हटलं, बंद कर, मग काही झालं तर मला सांगू नकोस. असलं कोणी बोलतं का. ती एवढंच म्हणाली, "मी रोज पळून आले की कळवीन. त्याच्या आधी फोन करायचा नाही." मोठ्या साहेबासारखं. आवाज जराही चढला नाही. राग आला होता, तरी मनात म्हटलं, वा.

१८ मे
साडेनऊ. नकाशा उघडला, त्यावर कोणी नाही. व्हिएन्ना नुसतंच पसरलेलं. कुठे असेल? प्राटर? बेट? दहा वाजले. साडेदहा. फोन उलटा ठेवला, सुलटा केला. १०.४० ला: "आले."
जीव भांड्यात.

२० मे
रोज "आले". कुठून, ते नाही.
सौ. भाजी निवडत होती. माझी घालमेल बघून म्हणाली, "मी इतकी वर्षं ठाण्याच्या ऑफिसातून रात्री यायचे. दिवा स्टेशन ते घर, अंधारातून एकटी. माझ्या मागे कोण होतं?"
तिने जुडी संपवली, दुसरी घेतली. भीती वाटायची का, विचारलं. म्हणाली, "वाटायची. म्हणून काय घरी बसायचं?" मनू पळायला माझ्यामुळे शिकली असं मी सांगत फिरतो. आज वाटलं, निम्मं तरी हिचं आहे.

२४ मे, रविवार
आज "आले" लिहिलं नाही, फोन केला. धापा टाकत होती. "बाबा, सगळं बेट केलं! या टोकापासून त्या टोकापर्यंत!"
ते अंतर मला पाठ आहे. अर्धी मॅरेथॉन. एकटीने, कोणी पाणी द्यायला नाही, टाळ्या वाजवायला नाही. मी असा ओरडलो की सौ. ओट्यावरून धावत आली. अभिमान म्हणजे काय ते आज कळलं, आधीची सगळी मेडलं एकीकडे.
विचारलं, कसा होता रस्ता? म्हणाली, "शेवटी शेवटी कोणीच नव्हतं. मी आणि पाणी. मधेच रडले थोडी. छान वाटत होतं म्हणून."
इतकी वर्षं मागे राहून मी तिची पाठ पाहिली. खांदा जरा झुकला तरी ओळखतो, आज पोटरी दुखतेय. पण पळताना तिच्या तोंडावर काय असतं, ते मी कधी पाहिलंच नाही.
फोन ठेवताना म्हणाली, "मंगळवारी येते. बुधवारपासून नव्वद फुटीवर पण एकटीच जाईन. चालेल ना?"
व्हिएन्नाचं ठीक होतं, तो रस्ता मला माहीतच नाही. नव्वद फुटीवर कुठे दिवे नाहीत आणि कुठे बाइका लावून पोरं बसतात, हे मला चांगलं ठाऊक आहे.
"तू ये तर आधी," म्हटलं.
सौ. म्हणते, हे काही उत्तर झालं नाही. नाहीच झालं. विचारतेय म्हणजे तिचं ठरलंय, माझीच लेक. तरी माझ्या तोंडून हो ऐकायचंय तिला. दोन दिवस आहेत.