केस नंबर शून्य

४ नोव्हेंबर २००१, रविवार
आजपासून रोजनिशी. कारण शास्त्रीय आहे. संशोधकाने स्वतःवरही नजर ठेवावी असं मनोविकारांच्या अमेरिकन मॅन्युअलच्या प्रस्तावनेत आहे. प्रस्तावना पूर्ण वाचली. पुढचं फक्त पान ६१.
एम.फिल.चा विषय: 'ग्रामीण ठाणे जिल्ह्यातील व्यक्तिमत्त्व व मनोविकारांचे मापन'. शहापुरात आठ वर्षं सायकॉलॉजी शिकवतोय, प्रमोशन अडलंय. एवढंच कारण. काळूरामकाकांचा याच्याशी संबंध नाही.
केवळ नोंद म्हणून: काळूरामकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. पस्तिसाव्या वाढदिवसानंतर बोलायचे बंद झाले, ते मरेपर्यंत. सगळं शेणवा गाव त्यांना 'येडा काळूराम' म्हणायचं. माझं नाक, कपाळ आणि चालणं काकांवर गेलंय असं सगळे म्हणतात. मला १७ जानेवारीला पस्तीस पूर्ण होतात. पान ६१ वर न बोलणारे लोक आहेत.

६ नोव्हेंबर
प्रश्नावली तयार. १२० विधानं, 'हो' किंवा 'नाही'. प्रत्येक विकाराची वेगळी पट्टी, सत्तरच्या वर गेलं की विकार. शिवाय एक खोटेपणाची पट्टी: 'मला कधीच राग येत नाही', 'मी कधीही खोटं बोललेलो नाही' अशी पंधरा विधानं. स्वतःला फार चांगला दाखवणारा तिथे सापडतो.
टेस्ट चालते का बघायला एका निरोगी माणसावर करून पाहिली. केस नंबर शून्य, पुरुष, वय ३४, प्राध्यापक. चिंता ७४. संशय ७१. खोटेपणा पंधरापैकी चौदा.
टेस्टमध्ये दोष आहे.

७ नोव्हेंबर
केस शून्य परत. या वेळी शांतपणे उत्तरं दिली. चिंता ७६. खोटेपणा पंधरा.
जेवण गेलं नाही. नम्रताने विचारलं काय झालं. पेपर तपासून डोकं दुखतंय म्हणालो. हे खोटं धरायचं नाही, बायकोला काळजी नको म्हणून बोललो.

११ नोव्हेंबर
मॅन्युअलची पद्धत अशी: नऊ लक्षणं, त्यातली पाच असली की तुम्ही आत. चार असली की सुटलात. सकाळी एका विकारात माझी चार होती. दुपारी भांडी घासताना पाचवं आठवलं. हात गार पडले. हात गार पडणं हे दुसऱ्या एका यादीत आहे.
निर्धार: मॅन्युअल फक्त नम्रता घरात असताना वाचायचं.

१८ नोव्हेंबर, रविवार
फील्डवर्क. एसटीने मुरबाड, तिथून वैशाखरे. पाहणीसाठी निवडलेली वाडी वर डोंगरात, तासभर चढण. नाक्यावर चहावाला म्हणाला, परवाच बिबट्याने बकरी नेली. मला बिबट्याची भीती नाही. पण संशोधक समोर असला की लोकांची उत्तरं बदलतात, हे सिद्ध झालेलं आहे.
सुदैवाने वाडीतला मंगळू खाली बाजाराला आला होता. सातवी पास, अक्षर मोत्यासारखं. त्याला चाळीस कोऱ्या प्रश्नावल्या दिल्या. चाळीस माणसं, एकेकाचा एकेक कागद, विचारून खुणा करायच्या. त्याला सगळं समजलं. शेवटी तो काहीतरी विचारत होता, पण एसटी सुटत होती.

२५ नोव्हेंबर
शेणव्याला जनीकाकीकडे, म्हणजे काळूरामकाकांच्या बायकोकडे गेलो. काकांची केस हिस्टरी, निव्वळ पूरक माहिती. काकी भात पाखडत होती. म्हणाली, येडा कोन रे? रुसला व्हता त्यो. बांधावरनं तुज्या बापाशी भांडला, वाढदिवसाच्या जेवनावरनं उठला, पुन्ना तुज्याशी नाय बोलनार म्हनला. मग सगल्यांशीच बंद केलान. वरसानं राग गेला, पन तवर बोलायची लाज वाटाया लागली. माज्याशी बोलायचा की शेतावर.
काकीची माहिती अविश्वसनीय धरली. 'रुसणे' असा विकार नाही. मॅन्युअल उघडून खात्री केली. पान ६१ कायम.

९ डिसेंबर
मंगळूने कागद नाक्यावरच आणून दिले. आज गुण मोजले. चाळीसपैकी सदतीस जणांना कुठलाही विकार नाही. आणि खोटेपणाची पट्टी चाळीसच्या चाळीस जणांची शून्य. सगळ्यांनी सरळ कबूल केलंय: खोटं बोलतो, राग येतो, दुसऱ्याचं चांगलं झालं की पोटात दुखतं.
दोनदा मोजलं. मग केस शून्यचा कागद शेजारी ठेवला आणि घाबरलो. एक्केचाळीस माणसांत खोटा एकच.

१२ डिसेंबर
बूथवरून गाईड मॅडमना फोन. त्या म्हणाल्या की इतकी प्रामाणिक वस्ती त्यांनी वाचलेली नाही, १९ जानेवारीच्या सेमिनारला पेपर वाचायचाच. मी नम्रपणे हो म्हणालो. परदेशातूनही बोलावणं येऊ शकेल. पासपोर्टचा फॉर्म आणायचा.
१७ जानेवारीनंतर बोलता आलं तर.

२३ डिसेंबर
केस शून्य, सातव्यांदा. चिंता ७४. ग्रामीण प्राध्यापकांसाठी मर्यादा सत्तरऐवजी पंच्याहत्तर असावी, असा प्रस्ताव लिहिला. बरं वाटलं. लगेच आठव्यांदा घेतली. ७८.

२८ डिसेंबर, शुक्रवार
बारावीच्या तासाला 'व्यक्तिमत्त्व' हा शब्द तोंडात अडकला. तीन सेकंद. मुलांना कळलं नाही, मला कळलं. खुर्चीत बसलो, उरलेला तास मुलांना वाचायला लावलं.
असंच सुरू होत असणार. घरी आल्यावर मुद्दाम न थांबता बोलत राहिलो. एसटीचं टाइमटेबल, भोपळ्याचा वेल, गॅसचा नंबर. नम्रताने सांगितलं, जरा गप्प बसाल का. तिला बिचारीला कल्पना नाही.

६ जानेवारी २००२, रविवार
मॅडमना वाडीचे फोटो हवेत, म्हणून चढलो. मंगळू पुढे, मी मधे, मागे कोणीच नाही हे वाईट होतं. पाचोळा वाजला की थांबलो. खार होती.
वाडीत मंगळूच्या बायकोने, चिमीने, काळा चहा दिला. तिच्याशी बोलताना म्हणालो, तुम्ही लोक स्वतःबद्दल किती खरं सांगता. ती हसली. म्हणाली, सोताचा कोन सांगतंय गुरुजी? आपला आपल्याला काय दिसतंय? बाजूवाल्याला इचारला. बाजूवाला खोटा बोलतो का म्हनून ह्यानं मला इचारलान, मी म्हनला, रोज.
मंगळू म्हणाला, आमी सोयरीक करताना पन आदी पोऱ्याच्या शेजाऱ्याकडं जातो, पोऱ्याला काय इचारायचा? तुमाला त्या दिवशी इचारत व्हतो, ज्याचा कागूद त्यालाच इचारू का, तं तुमी गाडीत बसलात.
चाळीस कागद फुकट. फोटो काढले नाहीत.

८ जानेवारी
मॅडमना सांगितलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मला आधी वाटलं त्यांनाही ते झालं. मग म्हणाल्या की सेमिनारमधून नाव काढते, आणि पुढच्या वेळी स्वतः चढा.

१३ जानेवारी, रविवार
चार दिवस उरले. शेवटचा प्रयोग, शास्त्रासाठीच. केस शून्यची कोरी प्रश्नावली नम्रताला दिली. केस कोण ते सांगितलं नाही. ती संक्रांतीचे तीळ निवडत होती. वरचं 'पुरुष, ३४, प्राध्यापक' वाचून तिने माझ्याकडे पाहिलं आणि पेन मागितलं. मी ओटीवर जाऊन बसलो. तिला बारा मिनिटं लागली. मधे एकदाही विचार करायला थांबली नाही, आतून पान उलटल्याचे आवाज येत होते.
गुण मोजायचं धाडस झालं नाही. नाही, वेळ मिळाला नाही. कागद गादीखाली ठेवला.

१७ जानेवारी, गुरुवार, संध्याकाळ
पस्तीस पूर्ण. सकाळी उठल्याउठल्या स्वतःचं पूर्ण नाव म्हटलं. आलं. दिवसभर चार तास शिकवलं. काही झालं नाही.
घरी येऊन कागद काढला. दोनदा मोजला. चिंता ५४, संशय ४९, बाकी सगळं त्याच्याही खाली. खोटेपणा शून्य. विधान १९, 'मला रात्री झोप लागत नाही', तिथे 'नाही' आणि पुढे लिहिलंय, 'घोरतात'. शेवटच्या पानावर 'इतर शेरा' आहे, तो कोणीच भरत नाही. तिने भरलाय: 'भित्रे आहेत. लग्न ठरलं तेव्हाच दिसलं होतं. बाकी काही नाही.'
मॅन्युअल पहिल्यांदाच शेवटच्या पानापर्यंत पाहिलं. भित्रेपणाला कोड नाही. गोळी नाही, रजाही नाही. आजार निघाला असता तर माझा दोष तरी नसता.
अकरा वर्षं तिला माहीत होतं.
नम्रताने विचारलं, पानं घेऊ का. घे म्हणालो.