पाच कार्डं कमी

॥ श्री ॥
लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
४ ऑगस्ट १९९६

ती. कुमुदताईस,
सुमित्राचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्यांना तेल लावतेस की नुसतं पत्रात लिहितेस, हे मला कऱ्हाडला आल्याशिवाय कळायचं नाही. इकडे सगळे बरे. माझं पोट तेवढं मध्येमध्ये कुरकुरतं. वयाचा दोष, आणखी काय.

सध्या आमच्या घरात इंग्रजी शब्दांची गिरणी चालू आहे. सुरुचीला अमेरिकेत शिकायला जायचंय, त्याची परीक्षा डिसेंबरात. त्यात असे शब्द विचारतात की खुद्द साहेबानेही ऐकले नसतील. यांनी ऑफिसातून रद्दीतल्या फायलींचे पुठ्ठे आणले आणि आम्ही मायलेकींनी त्यांची पत्त्यांएवढी कार्डं कापली. पुढे ती इंग्रजी शब्द लिहिते, मागे मी मराठी अर्थ. पोरगी दिल्लीत वाढलेली, तिला मराठी शब्द सुचत नाही. मग ती मला हिंदीत समजावते आणि मी तो मराठीत आणते. सातशेच्या वर झाली आहेत. प्रत्येकाच्या कोपऱ्यात मी नंबर घालते आणि वहीतही उतरवून ठेवते. धोब्याच्या यादीची शिस्त तूच लावली होतीस, ती अशी कामी आली.

दुपारी मी कार्ड धरायचं, तिने अर्थ सांगायचा. मॅट्रिकला इंग्रजीत काठावर पास झालेली मी, आता मास्तरीण झाले आहे. ‘गॅर्युलस’ म्हणजे वायफळ बडबड करणारा. त्याच्या मागे मी आधी तुझंच नाव लिहिणार होते. एका शब्दाला मात्र अडले आहे, ‘इनएक्झोरेबल’. कितीही हातापाया पडा, ऐकत नाही, थांबत नाही, असा. तू तीस वर्षं मराठी शिकवलंस, तूच सांग.

रविवारी पप्पनकलांला गेलो होतो. त्याला आता द्वारका म्हणायचं म्हणे. आमच्या सोसायटीचा तिसरा मजला चढला आहे. घर म्हणजे अजून नुसते खांब आणि धूळ, पण हे मला हाताला धरून ‘हा तुझा ओटा’ म्हणून रिकामी जागा दाखवत होते. यांच्या रिटायरमेंटपर्यंत होईल.

लोभ आहे तसा ठेव, आणि तेल लाव.
तुझी सुमा


कऱ्हाड
१३ ऑगस्ट १९९६

चि. सौ. सुमित्रा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बडबडी म्हणे! साठ मुलींच्या वर्गात जिने तीस वर्षं घसा फोडला, तिला आता चार शब्द बोलायचीही चोरी. तुझ्या त्या अडलेल्या शब्दाला ‘अटळ’ लिही. ‘दुर्निवार’ही चालेल, पण तो म्हणताना सुरुचीचा एखादा दात पडायचा.

पोटाचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. स्वतःच्या लग्नात ताप होता तरी तू कुणाला सांगितलं नव्हतंस, ते मी विसरलेले नाही. डॉक्टरांना दाखव आणि काय म्हणाले ते कळव. शशिकांतरावांना नमस्कार सांग, पोरीला पाठीवर धपाटा.

लोभ वाढता राहो आणि पोट कुरकुरायचं थांबो.
कुमुदताई


नवी दिल्ली
२२ सप्टेंबर १९९६

ती. कुमुदमावशीस,
सुरुचीचा शि. सा. न.

माझं मराठी चुकलं तर माफ कर. हे पत्र मी कॉलेजमधून लिहितेय. उत्तर घरी पाठवू नकोस, बाबांच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठव.

आईचं ऑपरेशन अल्सरचं झालं असं आम्ही तुला कळवलं. अल्सर नाही, मावशी. पोटाचा कॅन्सर आहे. डॉक्टरांनी उघडून बघितलं आणि तसंच परत शिवलं. एक वर्ष म्हणाले, फार तर थोडं जास्त. आईला बिल्कुल सांगायचं नाही असं बाबांनी आणि मी ठरवलंय. बाबा म्हणतात, ती धसक्यानेच जाईल. म्हणून डॉक्टर आले की आम्ही इंग्रजीत बोलतो. घरी पण तिच्यासमोर काही बोलायचं असेल तर फास्ट इंग्रजीत. आई हसते आणि म्हणते, बापलेक साहेब झाले.

एक प्रॉब्लेम होता. डॉक्टर जे शब्द बोलतात तेच आमच्या कार्डांत होते. मॅलिग्नंट, प्रोग्नॉसिस, मॉरिबंड, पॅलिएट आणि तू सांगितलेला तो अटळ. मागे अर्थ आईच्याच अक्षरात, मॉरिबंडच्या मागे ‘मरायला टेकलेला’. दुपारी कार्ड धरताना एखादं तिच्या हातात आलं तर? मी पाचही काढून फाडून टाकली. नऊशेत पाच, कळणार नाही.

मला परीक्षाच द्यायची नाहीये. बाबा म्हणतात, दिली नाहीस तर तिला शक येईल. म्हणून मी रोज बसून शब्द पाठ करते आणि ती माझ्यासमोर बसून कार्ड धरते. मला तिच्याकडे बघवत नाही. तिला एक अक्षर कळू देऊ नकोस, तुला आईची शपथ.

तुझा लोभ आत्ता फार हवा आहे.
सुरुची


॥ श्री ॥
लक्ष्मीबाई नगर
१० ऑक्टोबर १९९६

ती. ताईस, सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

सुरुची कॉलेजातून येईपर्यंत मला आराम म्हणून घरी एकटी ठेवतात. मंगळवारी वेळ जाईना, म्हणून कार्डं नंबरवार लावायला घेतली. पाच नंबर सापडेनात. पलंगाखाली पाहिलं, रद्दीत पाहिलं, गादी उचलून पाहिली. मग वही काढली आणि त्या नंबरांपुढचे शब्द वाचले.

निरनिराळे पाच शब्द हरवले असते तर पोरीच्या वेंधळेपणाला हसले असते. पण हे पाचही एकाच आजाऱ्याच्या कागदावर बसणारे आहेत. त्यातले दोन मी इस्पितळात माझ्या खाटेशेजारीच ऐकले होते. बापलेक इतकी भराभर बोलतात की मला वाटलं, परीक्षेचंच काही चाललंय. पोरीला कार्डं काढायचं सुचलं, वही आठवली नाही. अर्धवट शहाणी, अगदी माझ्यावर गेली आहे.

तुला त्यांनी कळवलं असणारच. मला उत्तर देऊ नकोस, तुला खोटं बोलता येत नाही. मला भीती वाटते, ताई. भाजी चिरताना हात थांबतो आणि किती वेळ थांबला ते कळत नाही. पण मला कळलंय हे सुरुचीला समजलं तर ती परीक्षा सोडेल, अमेरिका सोडेल आणि माझ्या उशाशी बसून राहील. मी अठराव्या वर्षी शिक्षण सोडून आईच्या उशाशी बसले होते, त्याचं पुढे काय झालं ते तू पाहिलंस. ती विमानात बसेपर्यंत मला काही म्हणजे काही कळलेलं नाही. तुला माझ्या गळ्याची शपथ.

लोभ असू दे. आता तर असूच दे.
सुमा


कऱ्हाड
२ फेब्रुवारी १९९७

चि. सौ. सुमास,
अनेक आशीर्वाद.

परवा सुखरूप पोचले. टपाल येतं तेव्हा घरात तू एकटीच असतेस म्हणून हे लिहिते, वाचून फाडून टाक. तुझ्या घरी वीस दिवस राहिले आणि वीस दिवस तोंडाला कुलूप लावलं. शशिकांतराव मला बाल्कनीत नेऊन कुजबुजत, सुरुची भाजी आणायच्या निमित्ताने बाहेर नेऊन रडे, आणि तू स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होईपर्यंत बोलून घ्यायचीस. मग चौघं एकत्र जेवायला बसायचो आणि अल्सरला ताक चांगलं की दही, यावर चर्चा. तू तर सुरुचीच्या आमटीत मीठ कमी पडलं म्हणून तिला चिडवत होतीस.

सुमे, मी थोरली आहे म्हणून एकदाच सांगते. पोरीला जवळ घे आणि बोल. परीक्षा झाली, मार्क चांगले आले, आता काय अडलंय? ती खोटं बोलून वाळत चालली आहे आणि तूही. शपथ घातली आहेस म्हणून मी गप्प आहे; पटलं म्हणून नाही.

औषध वेळेवर घे. लोभ मागायचा नसतो, तो आहेच.
कुमुदताई


॥ श्री ॥
लक्ष्मीबाई नगर
२० जुलै १९९७

ती. ताईस, सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आलं आहे, सांभाळून घे. सुरुचीचा व्हिसा झाला. ती अजून दर दोन दिवसांनी ‘पुढच्या वर्षी जाते’ म्हणते आणि मी दर दोन दिवसांनी तिच्यावर रागावते. एवढ्याशा अल्सरसाठी कुणी अमेरिका सोडतं का, असं म्हटलं की ती उठून बाथरूममध्ये जाते. तुझं बरोबर होतं, ताई. एकदा तिला जवळ घेऊन बोलावं असं मला रोज वाटतं. पण बोलले तर ती जाणार नाही, हेही रोज दिसतं.

परवा टॅक्सीने द्वारकेला गेलो. ओटा घालायचा होता. मी मिस्त्रीला म्हटलं, चार इंच उंच घाल. हे म्हणाले, अगं, तुझे हात पोचायचे नाहीत. मी म्हटलं, हल्ली अशीच फॅशन आहे. हे एवढे उंच, रोज वाकून पोळ्या लाटायच्या म्हणजे कंबर जायची. यांना पोळ्या येत नाहीत, पण शिकतील.

सुरुचीच्या सामानात मी कार्डांचा खोका ठेवला आहे. पाचही कार्डं नव्याने करून आपापल्या नंबरावर लावली. नऊशे चाळीस, पुरी. एकावर अर्थाखाली थोडं जास्त लिहिलं आहे, ते तिचं माझं. तिने खोका उघडलाच नाही आणि आईला सुखात ठेवलं या समाधानात राहिली, तर राहू दे. पण ते तिला टोचायला लागलं, तर तू सांग. त्या दिवशी तुझी शपथ सुटली.

आता पत्र माझ्याकडून येईल न येईल. लोभाला खंड नाही.
तुझी सुमा


ओहायो, अमेरिका
९ नोव्हेंबर १९९७

ती. कुमुदमावशीस,
सुरुचीचा नमस्कार.

आईला जाऊन पंचवीस दिवस झाले. बाबांचा फोन आला तोपर्यंत सगळं उरकलं होतं. मी येते म्हटलं, तर म्हणाले, आता कुणासाठी येतेस.

इथे सगळे विचारतात तेव्हा मी सांगते की तिला शेवटपर्यंत काही कळलं नाही, एवढं तरी बरं झालं. असं बोलते आणि मग एअरपोर्ट आठवतो. मी तिला म्हटलं, दिवाळीपर्यंत अल्सर बिल्कुल बरा होईल. ती म्हणाली, होईल की. मी मरणाऱ्या आईशी वर्षभर खोटं बोलले, मावशी, आणि ती माझ्यावर विश्वास ठेवून गेली. हे मला झोपताना, क्लासमध्ये, कुठेही आठवतं.

तिने दिलेला कार्डांचा खोका समोर आहे. मी उघडलेला नाही, तिचं अक्षर बघवणार नाही. नागपूरची एक मुलगी नाताळात घरी जातेय, तिच्या भावाला हीच परीक्षा द्यायची आहे. त्याला देऊन टाकू का?

तुझा लोभ मला मिळायला नको खरं तर, पण असू दे.
सुरुची


कऱ्हाड
२१ नोव्हेंबर १९९७

चि. सुरुची हिस,
अनेक आशीर्वाद.

खोका कुणालाही देऊ नकोस. तू पाच कार्डं फाडली होतीस ना? मग आज खोका उघड आणि कार्डं मोज. तुझ्या आईने मला घातलेली शपथ तुझ्या पत्राने सुटली आहे.

सोबतच्या पाकिटात तिची पत्रं आहेत. फाडून टाक म्हणाली होती, मला जमलं नाही. आधी खोका, मग पत्रं. वर्षभर मी दोघींना सामील होते. माझ्यावर रागवायचं असेल तर मोकळेपणाने रागाव, मी ऐकून घेईन.

लोभ तुझ्याकडून मागायची आज माझी हिंमत नाही.
कुमुदमावशी


ओहायो
१४ डिसेंबर १९९७

ती. मावशीस,

नऊशे चाळीस. एकही कमी नाही. दोनदा मोजली.

त्या पाचांवर इंग्रजी शब्दही आईच्या अक्षरात आहेत, वहीतून उतरवल्यासारखे एकेक अक्षर सुटं. पॅलिएटच्या मागे लिहिलंय, ‘रोग बरा करता येत नसला तरी दुखणं हलकं करणे.’ त्याच्याखाली, ‘हे तू केलंस.’

मला तुझा खूप राग आला आहे. आम्ही दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहत होतो, मावशी. सगळ्यांना माहीत होतं आणि आम्ही दह्याताकावर बोलत होतो. तिला भीती वाटते का, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. तुला तिने पत्रात सांगितलं, मला नाही. तू एक शब्द बोलली असतीस तर मी इथे अमेरिकेत आले नसते. तिलाही हे माहीत होतं, म्हणून माझा राग पुढे कुठे जात नाही आणि कमीही होत नाही.

बाबांचं पत्र आलंय, नेहमीसारखं इंग्रजीत. द्वारकेच्या फ्लॅटचा ताबा मिळाला. लिहितात, आईने बिचारीने फॅशनच्या नादात ओट्याचं माप चुकीचं सांगितलं, पण नशीब बघ, मला न वाकता चहा करता येतो. त्यांना अजून वाटतं तिला काही कळलं नव्हतं. ते याच आधारावर उभे आहेत आणि आता हे माहीत असलेली मी आहे. तू वर्षभर जे केलंस ते माझ्याने होणार नाही.

सकाळपासून त्यांना पत्र लिहायला बसलेय. त्यांना पहिल्यांदाच मराठीत. शब्द अडला की मागची बाजू दाखवायला कुणी नाही. ‘बाबा, ओटा चुकून उंच झालेला नाही,’ एवढं लिहून झालंय.

राग गेला की लोभाचं लिहीन.
सुरुची